पाय फुटलेली झाडं

पसायदान शाळाशाळांतून म्हटलं जातं. शिकवलं मात्र क्वचितच जातं. मुलं ते ऐकून ऐकून उचलतात. चाल पक्की बसते, पण एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याचा पत्ता नसतो. हृदयनाथांनी बांधलेली आणि लता मंगेशकरांनी गायलेली चाल बहुतेकांच्या कानात आहे. ऐकायला ती अप्रतिमच, पण दहा-अकरा वर्षांच्या पोराचा श्वास तिला पुरत नाही. तो मध्येच श्वास घेतो आणि एका शब्दाचे दोन तुकडे पडतात. म्हणून पाचवी-सहावीच्या वर्गाला हे नव्यानं शिकवायचं, तर चाल सगळ्यात शेवटी आणावी, असं माझं मत आहे. आधी हाताला काम द्यावं.

काम म्हणजे कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत ‘पसायदान’ लिहून त्याला टिकल्या चिकटवणं नव्हे. असली सजावट कुठल्याही प्रार्थनेची होते. तिच्यातून ना ही प्रार्थना कळते, ना ती. उपक्रम रचनेच्या पोटातून निघाला पाहिजे. या नऊ ओव्यांमध्ये तसा माल भरपूर आहे.

आधी थोडी ओळख करून द्यावी. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेच्या सातशे श्लोकांवरचं भाष्य सांगून संपलं आणि शेवटी सांगणाऱ्यानं, म्हणजे ज्ञानदेवांनी, त्याचं मोल मागितलं. तेच हे पसायदान. एका परंपरेप्रमाणे तेव्हा त्याचं वय होतं पंधरा, दुसरीप्रमाणे एकोणीस. पंधरा म्हटल्यावर वर्गात चुळबुळ होते. म्हणजे आमच्या शाळेतल्या दहावीच्या दादाएवढाच!

पहिली वस्तू, तार. पहिल्या ओवीत देवाला संतुष्ट हो म्हटल्यावर दुसरीत पहिलं मागणं येतं ते दुष्टांबद्दल. ते मरोत, हरोत, गावाबाहेर जावोत, असं काही नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा तेवढा जावा. हा अर्थ फळ्यावर लिहून दिला की मुलं वहीत उतरवतात आणि विसरतात. त्याऐवजी प्रत्येकाला एकेक वाकडीतिकडी लोखंडी तार द्यावी आणि बोटांनी सरळ करायला सांगावं. दोन मिनिटांत वर्ग गप्प होतो. तार बरीचशी सरळ होते, पण जिथे ती मुडपलेली होती तिथे खूण राहतेच आणि सोडली की थोडी मागे वळते. ‘बाई, ही पुन्हा वाकडी होतेय’ अशी तक्रार कुणीतरी करतंच. त्या तक्रारीपाशी ओवीचा दुसरा चरण सांगावा. वाकडेपणा गेला एवढ्यावर ज्ञानदेव थांबत नाहीत. त्याच माणसांना चांगल्या कामाची गोडी लागावी आणि ती वाढत राहावी, असंही मागतात. तिसऱ्या चरणात सगळ्या जिवांची आपसांत मैत्री मागतात. नुसती तार सरळ करून भागत नाही, तिचं काहीतरी करावं लागतं. मुलं मग त्या तारांना तारा जोडून साखळी करतात. ते सांगावंही लागत नाही.

दुसरा खेळ क्रमाचा. तिसऱ्या ओवीत ज्याला जे हवं ते मिळो, असं मागणं आहे. मुलांना ही ओवी सर्वांत आवडते, आणि त्यांच्या याद्या काय असतात ते सांगायला नको. अशा वेळी प्रत्येक मागणीची एकेक चिठ्ठी करून सगळ्या पिसाव्यात आणि मुलांना क्रम लावायला द्यावा. निम्मी मुलं ‘हवं ते मिळो’ पहिल्याच जागी ठेवतात. तिथे एकच प्रश्न विचारायचा: मग त्या वाकड्या मनाच्या माणसालाही हवं ते मिळणार का? चिठ्ठी झटकन खाली सरकते. आधी वाकडेपणा जाणार, मैत्री होणार, अंधार सरणार, स्वधर्माच्या सूर्याचा उजेड पडणार. वाट्टेल ते मागायची मुभा त्यानंतर. पसायदानाचे अर्थ पुष्कळ छापले जातात, पण या क्रमावर बोट ठेवलेलं फारसं दिसत नाही.

आता पुढच्या ओव्यांतली पाच चित्रं. माझ्या मते पसायदानाचा गाभा इथे आहे आणि शिकवताना सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. झाड, रत्न, समुद्र, चंद्र, सूर्य यांचे पाच कागद वाटायचे. कल्पतरू मागाल ते देतो, चिंतामणी मनातलं पुरवतो, अमृतानं मरण टळतं, एवढं सांगायचं आणि विचारायचं: यात खोट काय आहे ती शोधा. थोडा वेळ लागतो, पण सापडते. झाड जागचं हलत नाही, आपल्यालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. रत्न निर्जीव आहे, देतं पण त्याला काही वाटत नाही. अमृत मुकं आहे. चंद्राला डाग आहे, सूर्य भाजतो. आता खोट दुरुस्त करा.

कागदांवर काय काय उमटतं ते पाहण्यासारखं असतं. झाडांना पाय येतात, कुणी चपलाही घालतं. मुळं जमिनीत असताना झाड चालणार कसं, यावर वाद होतो. रत्नाला डोळे फुटतात, समुद्राला तोंड. या तिन्ही चित्रांत काहीतरी वाढवावं लागतं. चंद्रापाशी मात्र पेन्सिल बाजूला ठेवून खोडरबर घ्यावा लागतो, आणि सूर्यापाशी गाडी अडतेच. किरण खोडले तर उजेडही जातो. एकानं सूर्य निळा रंगवला आणि हा तर चंद्रच झाला म्हणून स्वतःच खोडला. ताप काढायचा आणि प्रकाश ठेवायचा, हे कागदावर जमत नाही. ज्ञानदेवांनी मागितलंय ते किती अवघड आहे, हे मुलांना इथे जाणवतं.

आणखी एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे. पुराणात कल्पतरू स्वर्गात, अमृत एका कुंभात, आणि त्या कुंभासाठी देव-दानवांची केवढी मारामारी. इथे कल्पतरूंच्या बागाच्या बागा आहेत, चिंतामणींचं गाव वसलेलं आहे आणि अमृताचे समुद्र आहेत. भांडायला कारणच उरत नाही.

मग कागद उलटायला सांगावेत. हे झाड, हा सूर्य म्हणजे माणसं आहेत. आधीच्या ओवीत ज्या भक्तांचा मेळा सगळ्यांना सतत भेटत राहो असं मागितलं, त्यांचंच हे वर्णन. आणि ही माणसं सर्वांची सोयरी व्हावीत, इथे मागणं येऊन पोचतं. कागदाच्या मागे ओळखीच्या माणसाचं नाव लिहायचं. न बोलावता मदतीला येणारी आजी झाडामागे येते, खालच्या मजल्यावरचे काका येतात. खूप येत असूनही न भाजणारा सूर्य कोण, याला उत्तर लवकर सापडत नाही. शिक्षकांनी आपलं नाव येईल अशी आशा ठेवू नये.

सातवी आणि आठवी ओवी मी झटपट उरकते. मुलांच्या हाताला लागेल असं तिथे थोडं आहे. नववीत मात्र नाटक आहे. आतापर्यंत एकच जण बोलत होता. आता देणारा बोलतो, आणि लगेच मागणारा सुखी झाल्याची वार्ता येते. वर्गाचे दोन गट करून ही ओवी म्हणवून घ्यावी. नंतर चिठ्ठ्यांची यादी पुन्हा काढून त्यानं स्वतःसाठी काय मागितलं ते शोधायला लावावं. मुलं सगळी यादी चाळतात. काहीच नाही.

एवढं झालं की लय. ओवीचे तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. चरणागणिक चार पावलं चालायचं आणि चौथ्या चरणात आधीच थांबायचं, असं दोनदा केलं की लय पायात बसते. शब्द आता तुटत नाहीत, कारण त्यामागचं चित्र मुलांनी स्वतः काढलेलं असतं. त्यावर शाळेत रुळलेली साधी चाल चढवावी.

याला तीन-चार तास जातात आणि पाठांतर तरीही वेगळं करून घ्यावंच लागतं. हातानं केलं की आपोआप पाठ होतं, यावर विश्वास ठेवू नका. पण जूनमध्ये परिपाठाची तयारी सुरू होईल तेव्हा एकदा हे करून पाहा. तार जाडसर घ्या, बारीक तार फार लवकर सरळ होते.