बलवर्धक व्यायाम आणि हृदयाची क्षमता : 'बॉडी बाय सायन्स' या ग्रंथातील एका प्रतिपादनाची चिकित्सा

आठवड्यातून दोन-तीन वेळा व्यायामशाळेत जाऊन वजने उचलली, तर चालणे, धावणे अथवा पोहणे यांची वेगळी आवश्यकता उरते काय, हा प्रश्न महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात अलीकडे वारंवार ऐकू येतो. तास, परीक्षा, मूल्यांकन आणि अहवाल यांतून उरणारा वेळ पाहता हा प्रश्न गैर नाही. इंटरहार्ट या बहुराष्ट्रीय अभ्यासाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, दक्षिण आशियातील रुग्णांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. अन्य देशांत हे वय सुमारे ५९ आहे. म्हणजे सेवानिवृत्तीच्या अलीकडेच हा धोका उभा राहतो. त्यामुळे वजने उचलून हृदयाचेही काम भागते असे कोणी शास्त्राच्या नावाने सांगत असेल, तर त्याचे म्हणणे तपासून घेणे अगत्याचे ठरते.

असे सांगणाऱ्या ग्रंथांत डग मॅकगफ व जॉन लिटल यांच्या 'बॉडी बाय सायन्स' (२००९) या ग्रंथाचे स्थान वरचे आहे. मॅकगफ हे व्यवसायाने डॉक्टर असून त्यांचा अनुभव आपत्कालीन वैद्यकातील आहे. आठवड्यातून एकदा, सुमारे बारा मिनिटे, यंत्रांवरील पाच व्यायाम अतिशय संथ गतीने आणि स्नायू पूर्ण थकेपर्यंत करावेत, एवढाच या ग्रंथाचा कार्यक्रम आहे. एवढ्याने शक्ती तर वाढतेच, शिवाय हृद्-रक्ताभिसरणाची क्षमताही वाढते, असा लेखकद्वयाचा दावा आहे. या विचाराचे मूळ मात्र त्यांच्याही मागे जाते. नॉटिलस यंत्रांचे जनक आर्थर जोन्स यांनी १९७५ साली अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत फुटबॉल खेळाडूंवर सहा आठवड्यांचा प्रकल्प घडवून आणला आणि केवळ यंत्रांवरील व्यायामाने धावण्याची क्षमता वाढल्याचे जाहीर केले. यंत्रे विकणाऱ्यानेच यंत्रांची परीक्षा घ्यावी, हा प्रकार किती विश्वासार्ह मानावा हे वाचकांनी ठरवावे. शिवाय ते खेळाडू त्याच काळात मैदानावर नियमित सरावही करीत होते.

लेखकद्वयाचा युक्तिवाद मात्र केवळ जाहिरातीचा नाही. 'एरोबिक' ही पेशीतील चयापचयाची एक वाट आहे, तर 'कार्डिओ' हा शब्द हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित आहे. हे दोन शब्द समानार्थी नाहीत, असे ते बजावतात. केनेथ कूपर यांच्या 'एरोबिक्स' (१९६८) या पुस्तकापासून या दोहोंची जी सरमिसळ रूढ झाली, तिच्यावरील त्यांचा आक्षेप रास्त आहे. हृदयापर्यंत थेट पोहोचण्याचा मार्ग नाही, स्नायूंना काम दिले तरच हृदयाला काम मिळते, हेही खरे. तीव्र श्रमात साचलेल्या लॅक्टेटचा निचरा पुढे प्राणवायूच्याच साहाय्याने होतो, सबब तीव्र व्यायामात एरोबिक यंत्रणाही राबते, हे विधानही शरीरक्रियाशास्त्राला धरून आहे. अडचण यापुढे सुरू होते. एखादी यंत्रणा राबते, यावरून ती विकसित होते असे सिद्ध होत नाही. ती किती राबते आणि किती वेळ राबते हे पाहावे लागते.

आपल्या मताच्या पुष्टीसाठी लेखकद्वय १९७६ सालच्या एका प्रयोगाचा आधार घेतात. त्यात व्यक्तींना एकाच पायाने सायकल चालविण्याचा सराव दिला गेला. सराव झालेल्या पायाने चाचणी घेता प्राणवायू-ग्रहणक्षमता लक्षणीय वाढलेली दिसली. दुसऱ्या पायाने घेता तसे दिसले नाही. हृदय तर दोन्ही पायांना एकच. म्हणून सुधारणा हृदयात नसून स्नायूत होते, असा निष्कर्ष ते काढतात. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु एका पायाचे स्नायू हृदयाच्या एकूण सामर्थ्याला आव्हान देण्याइतके मोठे नसतात. त्या चाचणीत अडसर हृदयाचा नव्हताच, स्नायूचा होता. ज्या चाचणीत हृदयाची मर्यादा गाठलीच जात नाही, तिच्यावरून हृदयात बदल झाला नाही असे म्हणणे, म्हणजे तळघरातील नळाला पाणी येते म्हणून गच्चीवरील टाकी भरली आहे असे मानण्यासारखे आहे.

विशेष म्हणजे या प्रयोगाचे प्रमुख संशोधक बेंग्ट सॉल्टिन यांनीच १९६६ साली डॅलस येथे सहकाऱ्यांसह केलेला आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग याच्या नेमका उलट बाजूने बोलतो. पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवण्यात आले. त्यांची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली, आणि या घटीचे मुख्य कारण हृदय प्रत्येक ठोक्याला बाहेर टाकीत असलेल्या रक्ताचे प्रमाण कमी होणे हे होते. नंतरच्या धावण्याच्या सरावाने ही घट भरून निघाली. संपूर्ण शरीर राबते तेव्हा मर्यादा बहुतांशी हृदयाचीच असते, आणि ती मर्यादा सरावाने हलते, हे या प्रयोगावरून स्पष्ट होते. एकाच संशोधकाचा एक प्रयोग घ्यावा आणि दुसऱ्याची संगती लावू नये, ही चिकित्सक पद्धती नव्हे.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांचाही ग्रंथात मोठा आधार घेतला आहे. दोन आठवड्यांत सहा वेळा, प्रत्येक वेळी तीस सेकंदांच्या काही जीवतोड फेऱ्या सायकलवर मारल्याने टिकाव धरण्याचा कालावधी २६ मिनिटांवरून ५१ मिनिटांवर गेला, असा त्यांचा २००५ सालचा निष्कर्ष होता. तो प्रयोग महत्त्वाचा आहेच. पण तो सायकलवर झाला होता, लोखंडी यंत्रांवर नाही. आणि त्यातही कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता बदललेली नव्हती. टाबाटा यांच्या १९९६ सालच्या प्रयोगात ती वाढली, पण तोही सायकलवरच. 'तीव्रता' हा शब्द सायकलवरून उचलून लेग-प्रेसवर ठेवला, की शरीरक्रियाही त्याच्यासोबत जाते असे नाही.

वजन उचलताना नाडी जोराने चालते, धाप लागते, आणि यावरून हृदयाचा व्यायाम झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र धावताना नाडीची गती आणि प्राणवायूचा खप जवळपास हातात हात घालून वाढतात. वजन उचलताना नाडी पुढे जाते आणि प्राणवायूचा खप मागे राहतो. आकुंचित स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, श्वास रोखला जातो, रक्तदाब चढतो. याच मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल यांनी १९८५ साली धमनीत थेट नळी घालून मोजणी केली, तेव्हा दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी रक्तदाब ३२०/२५० पर्यंत गेला. एका व्यक्तीत तो ४८०/३५० च्याही वर होता. हृदयावर ताण येतो यात शंका नाही, पण तो दाबाचा ताण आहे. अधिक रक्त भरून घेऊन अधिक रक्त पुढे ढकलण्याचा नव्हे. ठोक्यामागील रक्ताचे प्रमाण वाढते ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या ताणाने.

हा केवळ तर्क नाही. हर्ली व सहकाऱ्यांनी १९८४ साली सोळा आठवड्यांच्या तीव्र यंत्रव्यायामानंतर कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता मोजली. तीत वाढ झालेली नव्हती. मधली विश्रांती कमी करून एकामागून एक व्यायाम करण्याच्या 'सर्किट' पद्धतीत परिस्थिती थोडी बरी आहे. गेटमन व पोलॉक यांच्या १९८१ सालच्या समीक्षेनुसार तिने सुमारे ५ टक्के वाढ होते, धावण्याने त्याच्या तिप्पट वा अधिक. जेम्स स्टील व सहकाऱ्यांनी २०१२ साली मॅकगफ यांच्या बाजूने अधिक सावध मांडणी केली आहे. तीतून आणि नंतरच्या अभ्यासांतून हाती येते ते एवढेच, की ज्यांची मूळ क्षमता फारच कमी आहे, विशेषतः वृद्ध व बैठ्या व्यक्ती, त्यांच्यात वजनांच्या व्यायामानेही ती काहीशी वाढते. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

येथे आपल्याकडील तालमींची आठवण येणे अपरिहार्य आहे. जोर-बैठकांत ओझे स्वतःच्या शरीराचे, आवर्तने शेकड्यांनी, आणि मांड्यांसारखे मोठे स्नायू सतत राबते. यंत्रावर दोन मिनिटांत स्नायू थकविण्यापेक्षा हा प्रकार सर्किट पद्धतीच्या अधिक जवळचा आहे. त्यातच मल्ल हौद्यात उतरून लढतीही करतो. तरीही मॉर्गनरॉथ यांच्या १९७५ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात कुस्तीगीर गोळाफेकपटूंच्या बरोबरीने मोजले गेले होते : डाव्या निलयाची भिंत जाड, पोकळी मात्र न वाढलेली, धावपटूंत व जलतरणपटूंत पोकळी मोठी. ही साधी विभागणी पुढील काळात, विशेषतः २०११ सालच्या एमआरआय-आधारित अभ्यासानंतर, पूर्वीसारखी पक्की राहिलेली नाही. वजनांच्या सहा महिन्यांच्या सरावाने भिंत जाड झालेली त्यात आढळली नाही. सहनशक्तीच्या सरावाने निलय मोठे होते, हा भाग मात्र टिकून आहे.

या चिकित्सेतून वजनांचा व्यायाम हृदयाला निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. चव्वेचाळीस हजारांहून अधिक अमेरिकी पुरुषांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठवड्यातून अर्धा तास वा अधिक वजने उचलणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका २३ टक्के कमी आढळला; आठवड्यातून तासभर वा अधिक धावणाऱ्यांत तो ४२ टक्के कमी होता. म्हणजे वजनांनी धोका घटण्याचा संबंध दिसतो, तो घडतो मात्र बहुधा रक्तशर्करा, रक्तदाब व चरबी यांच्या वाटेने. मॅकगफ व लिटल यांनी एवढेच म्हटले असते तर त्यांच्याशी वाद नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी राखून ठेवले. महाविद्यालयांच्या जिमखान्यात मल्टी-जिम बसविण्यासाठी धावपट्टीची जागा देण्याचे प्रस्ताव येतात, तेव्हा यातील 'त्याशिवाय' हा शब्द समितीपुढे वाचून दाखवावा.