‘कॉन्ट्रा’तील धबधबा : एक पुनर्विचार

बालपणी ज्या कृतीने मन वेधून घेतले, तिच्याकडे प्रौढ वयात पुन्हा वळताना टीकाकाराने दुहेरी सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या आनंदाची आठवण हा कृतीचा गुण नव्हे. आणि पुढील काळातील सुबक कृतींच्या मानाने ती ओबडधोबड दिसते, एवढ्यावरून तिचा दोषही सिद्ध होत नाही. जपानमधील कोनामी या संस्थेने १९८७ साली नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रासाठी रचलेला व १९८८ साली निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आणलेला ‘कॉन्ट्रा’ हा व्हिडिओ गेम, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा येथे, एका जुन्या संचावर पुन्हा खेळण्याचा योग नुकताच आला. निन्टेन्डोच्या यंत्राबरहुकूम बनविलेले असे स्वस्त संच १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे आले आणि फीत नसलेल्या त्यांच्या पेटीलाही ‘कॅसेट’ म्हणण्याचा प्रघात पडला.

या खेळाचे कथानक क्षुल्लक आहे. दोन सैनिक, परग्रहावरील शत्रू आणि आठ टप्पे, एवढाच त्याचा विस्तार. त्यातील कौशल्य म्हणजे केवळ चपळाई, हे प्रचलित मत अपुरे होय. एका गोळीने प्राण जातो आणि आरंभी प्राण तीनच असतात. परंतु पुष्कळसे शत्रू ठरलेल्या जागी भेटतात. म्हणून एकट्याचा खेळ हा बव्हंशी पाठांतराचा खेळ ठरतो.

दोघे खेळू लागले की मात्र पाठांतर पुरे पडत नाही. तिसऱ्या टप्प्यात धबधब्याच्या कड्यावरून वर चढावयाचे असते. पडदा दोघांना मिळून एकच. पुढचा जसजसा चढतो तसतसा पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याच्या तळाखाली गेला की प्राणास मुकतो. तेथे मारणारा शत्रू नसतो. सोबत्याची घाईच मारते. थोरल्या बंधूंसमवेत खेळताना असे मरण मी माझे अपयश समजत असे. या खेपेस पुतण्या सोबतीस होता व पुढे मी होतो. दोनदा त्याचा प्राण गेल्यावर तो म्हणाला, “काका, जरा थांबा ना.” कृती तीच होती, मी मात्र त्या पडद्यावर दुसऱ्या जागी उभा होतो.

या दृष्टीने तीस प्राण मिळवून देणाऱ्या प्रसिद्ध युक्तीचाही विचार केला पाहिजे. कळा दाबण्याचा तो क्रम काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ सालच्या ‘ग्रॅडियस’च्या घरगुती आवृत्तीत, चाचणी सुकर व्हावी म्हणून, प्रथम घातला होता. ‘कॉन्ट्रा’त त्यामुळे अनेकांना शेवट पाहता आला, हा उपकार मान्यच आहे. परंतु प्राण तीस असता सोबत्यासाठी थांबण्याचे प्रयोजन उरत नाही आणि धबधब्याचा टप्पा आपला अर्थ गमावतो.

कृती निर्दोष आहे असे नव्हे. दुसऱ्या व चौथ्या टप्प्यांतील तटबंदीच्या दालनांत तोचतोपणा जाणवतो. एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक हलते आकृतिखंड दाखविणे यंत्रास साधत नसल्याने गर्दीच्या प्रसंगी चित्रे लुकलुकतात. खेळ मध्येच जपून ठेवण्याचीही सोय नाही. त्या दिवशी वीज गेली, परत आली, आणि आम्हांस पहिल्या जंगलापासून आरंभ करावा लागला. या वेळी धबधब्याशी पोहोचल्यावर मी पुतण्यास पुढे जाऊ दिले. त्याने दोन पायऱ्या चढून मागे पाहिले व तो थांबला. ‘कॉन्ट्रा’स केवळ नेमबाजीचा खेळ म्हणणाऱ्या टीकेत या थांबण्याला स्थान नाही, ते दिले गेले पाहिजे.