दारातली गर्दी

आधी एक कबुली. 'चर्च आणि अपंग माणसं' या विषयावर बोलायला आम्ही आलो ते पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, आणि इथे लिफ्ट नाही. हे आमच्या ध्यानात आलं जिन्याच्या वळणावर, गुडघ्याने आठवण दिली तेव्हा. ज्यांनी आज इथे असायला हवं होतं ते बहुधा हे नंतर वाचतील. त्यांची क्षमा मागून सुरुवात करतो. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' म्हणतात; आम्ही जुनाच शब्द वापरणार आहोत. दिव्यत्वाने पायरी चढता येत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय अनेकांना ठाऊक असेल. कफर्णहूमात एका घरात येशू बोलतो आहे. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. दारात ही गर्दी, आत शिरायला जागा नाही. मग ते वर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. सोलापूरकरांना हे छप्पर समजावून सांगायला नको. आपली माळवदाची घरं आठवा : तुळया, फळ्या, वर मातीचा जाड थर. ते उकरायचं म्हणजे खालच्यांच्या डोक्यावर माती पडणारच.

या प्रसंगावर आम्ही ऐकलेल्या प्रवचनांची मोजदाद नाही. चौघांच्या विश्वासावर ऐकली, पापक्षमेवर ऐकली. छप्पर दुरुस्तीचा खर्च कोणी दिला, असा विनोदही ऐकला. दारातल्या गर्दीवर एकही ऐकलं नाही. ती काही दुष्टांची गर्दी नव्हती. वचन ऐकायला आलेले लोक होते, म्हणजे मंडळीच की! पण बाज आली तेव्हा कोणी सरकून वाट दिली नाही.

आता कोणी म्हणेल, सर, ख्रिस्ती लोकांनी अपंगांसाठी केलं तेवढं कोणी केलं? खरं आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईत अंधांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा. पुण्याला जाणाऱ्या गाडीत दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध मुलींसाठी घर केलं, मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवली. कुष्ठरुग्णांसाठी मिशनची इस्पितळं झाली. हा इतिहास आपला आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण जरा नीट पाहा. हे सगळं वेगळ्या आवारात झालं. सेवा तिकडे, उपासना इकडे. त्या सेवेच्या पुण्याईवर इकडच्या पायऱ्या मात्र जशाच्या तशा राहिल्या.

रमाबाईंचंच पाहू. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. ते जमलं नाही, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं आणि बहिरेपण वाढत होतं. हे त्यांच्या चरित्रांत आहे, पण मंडळीत त्यांच्यावर होणाऱ्या भाषणांत आम्ही ते क्वचितच ऐकलं. रमाबाई अपंगांची 'सेवा करणाऱ्या' म्हणून आपल्याला हव्या असतात. स्वतः अपंग असलेल्या रमाबाईंचं काय करावं ते आपल्याला कळत नाही. आणि याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, ते कमी शिकलेल्या बाईलाही कळावं अशा सोप्या भाषेत. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते ग्रंथरूपाने निघालं. 'सुगम्यता' हा जड शब्द आपण आज वापरतो. कानाने अधू असलेल्या बाईने आपल्या भाषेत हे काम शंभर वर्षांपूर्वी केलं, पण अपंगत्वाची चर्चा निघाली की तिचं नाव निघत नाही.

एका चर्चमध्ये अलीकडे रॅम्प झाला. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. रॅम्प बाजूच्या दारापर्यंत येतो. व्हीलचेअर आत येते, शेवटच्या बाकाशी थांबते. प्रभुभोजनाचा मेज तीन पायऱ्या वर. पाळक भाकर आणि प्याला घेऊन खाली येतात, मोठ्या प्रेमाने येतात. सगळे म्हणतात, सोय झाली. आता लेवीयाचा एकविसावा अध्याय काढा. याजकांच्या कुळातल्या, पण शरीराने अधू असलेल्या माणसाविषयी तिथे काय नियम आहे? त्याने पवित्र अन्न खावं, वेदीजवळ मात्र जाऊ नये. अगदी हीच व्यवस्था! आपण नव्या कराराचे लोक म्हणवतो आणि रॅम्प बांधतो लेवीयाच्या नकाशावरून.

जन्मतः अपंग असलेल्या अमेरिकन अभ्यासक नॅन्सी आयझलंड यांचं 'द डिसेबल्ड गॉड' हे पुस्तक १९९४ साली आलं. पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना हातापायांचे वण दाखवतो, म्हणजे गौरवी शरीरातूनही जखमा पुसल्या गेल्या नाहीत. मग निर्दोष शरीर म्हणजेच पूर्णत्व हे आपण कुठून आणलं, असा त्यांचा युक्तिवाद. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला तो मोलाचा वाटतो. पण परिसंवादांत या पुस्तकातलं देवाचं चित्र तेवढं उचललं जातं. तुम्ही पुढे येऊ नका, सगळ्यांचं झाल्यावर जागेवरच आणून देऊ, असं आपल्याला चर्चमध्ये सांगितलं जाई, हेही बाईंनी त्यात लिहिलं आहे. ते पान वगळलं जातं.

कागदांची उणीव नाही. जागतिक चर्च परिषदेचं २००३ चं निवेदन आहे. कायदाही आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने धार्मिक संस्थांना सूट दिली. आपल्या २०१६ च्या कायद्याने दिली नाही. 'सार्वजनिक इमारत' या शब्दाच्या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरली जाणारी इमारत स्पष्ट घातली आहे, मग ती खासगी का असेना. आमच्या ओळखीच्या किती कमिट्यांनी हे कलम वाचलंय, ते विचारायला नको.

एक पाळक आम्हाला म्हणाले, "सर, आमच्या मंडळीत अपंग कोणी नाहीच हो." आम्ही म्हटलं, रजिस्टर काढा. चहा होईपर्यंत सात नावं निघाली. कोणाला अर्धांगवायू, कोणाची नजर गेलेली, एक मुलगा तर जन्मापासूनच घरात. सातही घरांची वर्गणी नियमित येत होती. कमिटीतले वडील घरी जाऊन घेऊन येत.

बार्तीमयाला येशूने आधी विचारलं होतं, तुला काय हवंय? त्या आंधळ्याला काय हवं असणार हे उघडच होतं, तरी विचारलं. आम्ही पाळकांना म्हटलं, निदान एका घरी जाऊन विचारा. ते गेले. अर्धांगवायू झालेल्या बाई म्हणाल्या, "प्रार्थनेला तर तुम्ही येताच. मला पुन्हा संडे स्कूल घ्यायचंय." पूर्वी त्या अकरा वर्षं घेत होत्या. वर्ग भरतो तळमजल्याच्या खोलीत. तिथे एकच पायरी आहे. परवा फोन केला तेव्हा पाळक म्हणाले, गवंडी मिळत नाहीये.