पडद्यावरचा अँथनी आणि आपण

मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील अँथनीला आपल्या समाजाने घरचाच मानले. हिंदी पडद्यावर एरवी दुय्यम भूमिकेत दिसणारा ख्रिस्ती माणूस येथे नायक झाला होता. तेव्हा हे ममत्व आम्हांला स्वाभाविक वाटते. प्रश्न एवढाच, की त्याच्यातील नेमके काय आपण आपले म्हणून उचलले? आरशासमोरची त्याची झिंग आणि ईस्टरच्या अंड्यातून बाहेर पडणारा त्याचा झगमगाट सर्वांना आठवतो. परंतु हाच अँथनी देवाला भागीदार मानून कमाईचा अर्धा वाटा गोरगरिबांना देतो, याची नक्कल आमच्या पाहण्यात नाही.

त्याचे अँथनी गोन्साल्विस हे नावही एका खऱ्या माणसाचे आहे. गोव्यातील माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक (१९२७–२०१२) संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. भारतीय राग पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसवण्यासाठी ते झटले. पात्र मुखोद्गत, माणूस मात्र विस्मृत!

पात्राशी तादात्म्य पावणे हा दोष नव्हे. मुलांनी अँथनीची टोपी मागितली, तर पालकांनी ती जरूर द्यावी; सोबत त्याचा अर्धा वाटाही समजावून सांगावा.