‘सखा’ ते ‘पार्टनर’ : सोबतीवाचक शब्दांचे अर्थपरिवर्तन आणि वाङ्मयाचे वाचन

प्रस्तावना

अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष हे अर्थपरिवर्तनाचे प्रकार पदवीच्या वर्गात शिकविले जातात. त्यांची ठरावीक उदाहरणे पाठ केली जातात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. परंतु ज्या शब्दांनी माणूस आपल्या जवळच्या माणसाची ओळख करून देतो, त्या शब्दांचा अर्थ बदलतो तेव्हा प्रश्न केवळ कोशापुरता राहत नाही. एखाद्या विद्यार्थिनीने ‘हा माझा मित्र’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटतो, तो याच परिवर्तनाचा परिणाम होय. तिच्या सांगण्यात काहीही संदिग्ध नसते. संदिग्धता शब्दात आलेली असते आणि तिची किंमत मात्र तिला मोजावी लागते.

प्रस्तुत लेखात इंग्रजी व मराठी भाषांतील सोबतीवाचक शब्दांच्या अर्थपरिवर्तनाची दिशा तपासली आहे. त्याच्या आधारे काही मराठी कृतींच्या वाचनाचा विचार केला असून भंडारा जिल्ह्यासारख्या बहुभाषिक परिसरात हा प्रश्न कोणते रूप घेतो, याचीही चर्चा केली आहे.

इंग्रजी शब्द : भाकरी, खोली आणि धन

इंग्रजीतील सोबतीवाचक शब्दांच्या मुळाशी बहुधा एखादी भौतिक वाटणी आढळते. ‘कम्पॅनियन’ या शब्दात लॅटिनमधील ‘पानिस’ म्हणजे भाकरी दडलेली आहे. जो एका भाकरीत वाटेकरी, तो कम्पॅनियन. ‘मेट’ या शब्दाचे मूळही एकत्र अन्न घेण्याशी जोडलेले आहे. ‘कॉम्रेड’ स्पॅनिशमधून फ्रेंचमार्गे आला. एका खोलीत राहणारा, हा त्याचा मूळ अर्थ. ‘फेलो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतील असून गुरेढोरे, धन एकत्र मांडणारा भागीदार असा त्याचा अर्थ होता. ‘फ्रेंड’ मात्र प्रेम करणे या अर्थाच्या प्राचीन क्रियापदापासून सिद्ध झाला आहे. त्यामुळे भावनेची छटा त्यात आरंभापासूनच होती. तरीही अठराव्या शतकापर्यंत नातेवाइकांनाही ‘फ्रेंड्स’ म्हटले जात असे.

पुढील काळात या शब्दांच्या वाटा फुटल्या. ‘लव्हर’ हा शब्द शेक्सपिअरच्या काळात स्नेही या अर्थानेही रूढ होता. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ब्रूटस भर सभेत नागरिकांना याच शब्दाने संबोधतो. आजच्या विद्यार्थ्याला त्याचे हसू येते. पण अडचण ब्रूटसची नसून मधल्या चार शतकांची आहे. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुनीतांमध्ये एका तरुण पुरुषाला उद्देशून ‘फ्रेंड’ आणि ‘लव्ह’ हे दोन्ही शब्द येतात. त्यांचा नेमका अर्थ कोणता, यावर समीक्षकांचे आजही एकमत नाही.

‘गॉसिप’ या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. मूळ शब्द बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपालक म्हणून उभ्या राहणाऱ्या व्यक्तीचा वाचक होता. पुढे बाळंतिणीभोवती जमणाऱ्या जिवलग स्त्रियांना तो लागू झाला आणि अखेरीस त्याला चहाडखोर गप्पांचा अर्थ चिकटला. स्त्रियांच्या परस्पर सोबतीला समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे या एका शब्दाच्या अपकर्षावरून समजते. ‘गर्लफ्रेंड’ हा शब्दही स्त्रीची मैत्रीण या अर्थाने वापरात होता. तो अर्थ पूर्णतः लोपला नसला तरी पुरुषाची प्रेयसी या अर्थाने त्याला झाकून टाकले आहे. उलट ‘फ्रेंड’ या मूळ शब्दाचा संगणकयुगात इतका विस्तार झाला की त्याचे क्रियापद बनले. ‘अनफ्रेंड’ हा २००९ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने वर्षाचा शब्द म्हणून निवडला. जे नाते एका कळीने तुटते, त्यालाही तोच शब्द!

मराठी शब्द : वाट आणि खेळ

मराठीतील सोबतीवाचक शब्दांचे मूळ मात्र ताटापेक्षा वाटेत आणि अंगणात अधिक सापडते. ‘साथी’च्या मुळाशी संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे प्रवासी व्यापाऱ्यांचा तांडा आहे. ‘सांगाती’ संगतीने चालणारा, ‘सहचर’ बरोबर चालणारा. ‘गडी’, ‘सवंगडी’ आणि ‘भिडू’ हे शब्द खेळातले. ‘सोबती’ हा शब्द अस्सल देशी वाटतो. प्रत्यक्षात ‘सोबत’ हे अरबी ‘सोहबत’चे मराठी रूप आहे. ‘दोस्त’ आणि ‘यार’ फारसीतून आले. म्हणजेच सोबतीची कल्पना मराठी माणसाने अनेक घरांतून आणली आणि प्रत्येक शब्दाला वेगळे काम दिले. ‘गडी’ खेळात भागीदार राहिला, घरात नोकर झाला आणि बोलीत पुरुषमात्राचा वाचक झाला.

‘मित्र’ या शब्दाचे व्याकरण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. संस्कृतमध्ये स्नेही या अर्थी ‘मित्र’ नपुंसकलिंगी आहे. पुल्लिंगी ‘मित्र’ म्हणजे सूर्य अथवा ती वैदिक देवता. म्हणजे संस्कृतात मित्र पुरुष असो वा स्त्री, शब्दाला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. मराठीत तो पुल्लिंगी झाला आणि स्त्रीसाठी ‘मैत्रीण’ हे रूप आवश्यक ठरले. इंग्रजी ‘फ्रेंड’ लिंगभेद झाकतो, तर मराठी तो उघड करते. अनुवादकाला निवड करावीच लागते आणि त्या निवडीबरोबर समाजाची नजरही वाक्यात प्रवेश करते.

संतवाङ्मयात सोबतीचा शब्द उंच स्थानी आहे. नवविधा भक्तीत ‘सख्य’ आठवे. त्यापुढे केवळ आत्मनिवेदन. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात त्यासाठी स्वतंत्र समास योजला आहे. ज्ञानेश्वरांनी पसायदानात जीवांच्या परस्पर संबंधासाठी ‘मैत्र’ हा शब्द वापरला आणि तुकोबांनी झाडावेलींनाही ‘सोयरे’ म्हटले. जनाबाईच्या अभंगांतील विठ्ठल तर दळणकांडणात हात लावणारा सोबती आहे. तेथे नात्याला निराळे नाव देण्याची गरजच उरलेली नाही.

लिंगभेदानुसार अर्थभेद

अर्थपरिवर्तनाचा भार पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूपांवर सारखा पडत नाही. ‘सहचर’ म्हणजे सोबती. पण ‘सहचारिणी’ म्हणजे पत्नी. पुरुषाचा ‘यार’ म्हणजे जिवलग. स्त्रीचा ‘यार’ म्हणजे जार. विशेष असे की अलीकडे महाविद्यालयीन मुली परस्परांना सहजपणे ‘यार’ म्हणतात. ज्या शब्दाने त्यांच्या आजीला कलंक लागला असता, तो त्यांनी वापरून वापरून निरुपद्रवी केला आहे. अर्थ केवळ कोशकार बदलत नाहीत, याचे हे उत्तम उदाहरण होय.

‘सखी’चा प्रवासही असाच वळणाचा. ‘अभिज्ञानशाकुंतला’तील अनसूया व प्रियंवदा या शकुंतलेच्या सख्या आहेत, सखी ही स्त्रीचीच असे. लावणीत ‘सख्या’ हे प्रियकराचे संबोधन झाले आणि भावगीतात पुरुष प्रेयसीला ‘सखी’ म्हणू लागला. आता या शब्दाला शासकीय अर्थ प्राप्त झाला आहे. ग्रामीण उपजीविका अभियानात पशुसखी, कृषीसखी, बँकसखी आहेत. पीडित महिलांसाठी केंद्र शासनाने २०१५ पासून उभारलेल्या केंद्रांचे नाव ‘सखी’ आहे आणि महिला कर्मचाऱ्यांनी चालविलेली मतदान केंद्रेही ‘सखी’ म्हणून ओळखली जातात. ‘आरोग्यमित्र’ व ‘सर्पमित्र’ याच वळणाचे. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. भावगीताने स्त्रीपासून दुरावलेली सखी या योजनांनी, पदाच्या रूपाने का होईना, पुन्हा स्त्रीच्या बाजूस आणली.

काही शब्द न्यायालयाच्या व वृत्तपत्रांच्या भाषेत बिघडले. ‘साथी’ हे राष्ट्र सेवा दलाच्या व समाजवादी चळवळीच्या परंपरेत आदराचे संबोधन. ‘साथीदार’ मात्र गुन्हेवृत्तात आरोपीचा. ‘जोडीदार’ कामातला भागीदार होता, आता तो विवाहेच्छूंच्या जाहिरातीत अधिक आढळतो. शेजारच्या गुजरातमध्ये १९७० च्या दशकात विवाहित पुरुषाने अन्य स्त्रीबरोबर राहण्यासाठी केलेल्या लेखी कराराला ‘मैत्री करार’ असे नाव होते. तेथे मैत्री हा शब्द द्विपत्नीत्वाच्या कायद्यापुढे धरलेला पडदा होता.

वाङ्मयीन साक्ष

या परिवर्तनाची सर्वांत सूक्ष्म जाणीव विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाच्या शीर्षकात आढळते. नायिका सुमित्रा, तिला ‘मित्रा’ म्हणतात. ‘मित्राची’ हे षष्ठीचे रूप ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचेही होते आणि बोलण्यातील वापरानुसार ‘मित्रा’ या विशेषनामाचेही. आकारान्त स्त्रीलिंगी नामाच्या नियमानुसार ‘मित्रेची’ असे रूप घेतले असते तर संदिग्धता उरली नसती. मराठी व्याकरण जेथे लिंग लपवू देत नाही, तेथे नाटककाराने एका विभक्तिप्रत्ययात ते लपविले. ही केवळ कोटी नव्हे. नाटकाचा विषयच असा आहे की मित्राचे नामाविषयीचे प्रेम भाषेत बसत नाही. आकर्षण घेऊन आलेल्या बापूला अखेर तिचा मित्र व्हावे लागते, आणि त्या काळच्या मराठीत मित्राच्या नात्याला सन्मानाचे नावच नाही. शब्द नसल्यामुळे नाते थांबत नाही. ते एकटे मात्र पडते. नाटकाचा शोकान्त या एकटेपणातून येतो. समीक्षेने विषयाच्या धाडसाची नोंद घेतली, तितकी या व्याकरणाची घेतलेली नाही.

व. पु. काळे यांच्या ‘पार्टनर’ या कादंबरीचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावे लागते. तेथील ‘पार्टनर’ हे दोन पुरुषांच्या दोस्तीतले संबोधन आहे. आज हाच शब्द विवाहाविना एकत्र राहणाऱ्या अथवा समलिंगी जोडप्यातील व्यक्तीसाठी रूढ झाल्याने नव्या वाचकाची शीर्षकापाशीच वेगळी अपेक्षा होऊ शकते. अशा वाचकाला अडाणी ठरविणे सोपे आहे; शब्दाचा इतिहास सांगणे हे अध्यापकाचे काम आहे. याउलट ‘मैत्र’ या ज्ञानेश्वरकालीन शब्दाचे पुनरुज्जीवन झाले. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या एका पुस्तकाला तेच नाव दिले. ‘मैत्री’ पातळ होत गेली तेव्हा भाषेने तळघरातून जुने नाणे काढले, असे म्हणता येईल.

झाडीपट्टीचा संदर्भ

भंडारा जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी कानी पडतात. झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी घातला. या परिसरात जवळीक नामापेक्षा संबोधनाच्या अव्ययांतून अधिक व्यक्त होते. पुरुषाला ‘गा’, स्त्रीला ‘वो’ आणि बरोबरीच्या दोस्ताला ‘बे’. हाच ‘बे’ अनोळखी माणसाला उद्देशून उच्चारला तर भांडण उभे राहते. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यानंतर अर्जुन कृष्णाची क्षमा मागतो, ती बरोबरीचा समजून ‘सखा’ म्हटल्याबद्दल. सलगीचा शब्द केव्हा शोभतो आणि केव्हा उद्धटपणा ठरतो, हा प्रश्न कुरुक्षेत्रावर होता तसाच तुमसरच्या बाजारातही आहे.

पूर्वेकडील छत्तीसगढमध्ये मितान बांधण्याची प्रथा आहे. भोजली, जंवारा, गंगाजल किंवा महाप्रसाद यांची देवघेव करून दोन व्यक्ती, प्रसंगी जातीची सीमा ओलांडून, जन्माचे स्नेही होतात. त्यानंतर ते एकमेकांचे नाव घेत नाहीत; ‘भोजली’ अथवा ‘महाप्रसाद’ असेच संबोधतात. येथे शब्द नात्याचे वर्णन करीत नाही, तो नाते निर्माण करतो आणि समाज त्याला साक्षी असतो. म्हणूनच त्याविषयी संशय उत्पन्न होत नाही. आधुनिक ‘मित्र’ शब्दाला अशी साक्ष नाही. तो बोलणाऱ्याच्या शब्दावर विसंबून असतो. जेथे मुलीच्या शब्दाला वजन दिले जात नाही, तेथे तिचा ‘मित्र’ही संशयित ठरतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. इंग्रजीतील सोबतीवाचक शब्द प्रामुख्याने अन्न, निवास व धन यांच्या वाटणीतून, तर मराठीतील शब्द प्रवास व खेळ यांतून आलेले आहेत. दोन्ही भाषांत त्यांतील काही शब्द पुढे प्रणयाकडे, काही अपराधाकडे, तर काही औपचारिकतेकडे वळले.

२. अर्थापकर्षाचा अधिक भार स्त्रीशी संबंधित प्रयोगांवर पडतो. ‘गॉसिप’, ‘सहचारिणी’ आणि स्त्रीच्या संदर्भातील ‘यार’ ही त्याची उदाहरणे होत.

३. जुन्या कृतीतील ‘सखा’, ‘सखी’, ‘पार्टनर’ अथवा ‘लव्हर’ या शब्दांना आजचा अर्थ लावणे जसे सदोष, तसेच त्यांतील संदिग्धता नाकारून त्यांना सोवळे करणेही सदोष आहे. सुनीते आणि ‘मित्राची गोष्ट’ या दोहोंच्या अध्यापनात हे पथ्य पाळणे आवश्यक आहे.

४. अर्थापकर्ष अटळ नाही. ‘यार’ आणि ‘मैत्र’ यांच्या उदाहरणांवरून वापरणारा समाज शब्द परत मिळवू शकतो, हे दिसते.

‘मित्र’ हा शब्द स्त्रीच्या तोंडी पुरुषाच्या तोंडी असतो तितकाच साधा राहावा, एवढी अपेक्षा फार मोठी नाही. त्यासाठी नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. असलेला शब्द वर्गात आणि वर्गाबाहेर संशयाविना ऐकला गेला तरी पुरेसे आहे.