खापरीचें कुळ

जुन्या पांढरींतून निघालेल्या खापरीस ‘रोमन’ म्हणण्याचा मोह भल्याभल्यांस आवरलेला नाहीं. रॉबर्टा टोंबर यांनीं ‘इंडो-रोमन ट्रेड : फ्रॉम पॉट्स टु पेपर’ (२००८) या ग्रंथांत हा मोह कसोटीस लावला, हें त्यांचें मोठें कार्य होय. अँफोरा म्हणजे दोन कानांचा रोमन मद्यकुंभ. पश्चिम भारतांत त्या नांवानें नोंदलेले अनेक तुकडे त्यांनीं पुन्हां तपासले. त्यांतले पुष्कळसे मेसोपोटेमियांतील, बिनकानांच्या व आंतून डांबर लावलेल्या रांजणांचे ठरले. असे रांजण रोमन व्यापार ओसरल्यावरहि कित्येक शतकें येत होते. म्हणजे नांव चुकलें कीं देश चुकतो आणि काळहि चुकतो. उलट, नेवाशाच्या कांहीं तुकड्यांच्या मातींत इटलीच्या कँपानिया प्रांतांतील काळी ज्वालामुखी वाळू आढळली व त्यांचें रोमनपण पक्कें झालें.

वऱ्हाडकरांनीं यांतून धडा घ्यावा. रुक्मिणीचें माहेर म्हणून कौंडिण्यपुराचा आपणांस अभिमान आहे. वर्धेकांठच्या त्या जागेचें उत्खननहि झालें आहे. परंतु अमरावती-अकोल्याकडे नांगराच्या फाळास लागलेली खापरी दिवाणखान्यांत मांडणें सोपें. ती कोठें व किती खोलीवर सांपडली, तिची जाडी, पोत व आंतला लेप कसा, हें लिहून ठेवणें कष्टाचें. कुळ सांगण्याची घाई नको. आधीं अंगावरच्या खुणा लिहाव्या. टोंबरबाईंस जुने निर्णय बदलतां आले, ते कोणीं तरी ते तुकडे जपून ठेविले होते म्हणूनच.