२२ टक्के, पण कोणाचे? : डीएनएमटी३ए वरचा एक पेपर वाचताना

परभणीत बसून पीएचडीची सिनॉप्सिस लिहिताय आणि विषय रक्ताचा कर्करोग आहे? मग पहिल्याच पानावर हे वाक्य येणार: ‘एएमएलच्या २२ टक्के रुग्णांत डीएनएमटी३ए जनुकात बदल असतो.’ मीही लिहिलं होतं. समितीतल्या मॅडमनी एवढंच विचारलं, “कोणाचे २२ टक्के?” मी गप्प. कारण मी फक्त सारांश वाचला होता.

पेपर आहे टिमोथी ले यांच्या गटाचा, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा, २०१० सालचा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. डीएनएमटी३ए जनुकापासून डीएनएवर मिथाइल गट चिकटवणारं एन्झाइम बनतं. अक्षरं तीच राहतात, पण जनुक चालू की बंद यावर या खुणांचा परिणाम होतो. यालाच आपण एपिजेनेटिक बदल म्हणतो. २८१ रुग्णांपैकी ६२ जणांत हे जनुक बिघडलेलं सापडलं. शोध मोठाच, त्यात वाद नाही.

आता जगण्याचे आकडे बघा. बदल असलेले रुग्ण मध्यकानुसार १२.३ महिने जगले, नसलेले ४१.१ महिने. हाच आकडा सगळे उचलतात. पण गुणसूत्रांवरून ज्यांना ‘चांगल्या’ गटात टाकलं होतं अशा ७९ रुग्णांपैकी एकातही हा बदल नव्हता. म्हणजे बदल नसलेल्या २१९ जणांत हे ७९ आधीच जमा! मग तो गट जास्त जगणारच की. लेखकांना हे माहीत होतं. त्यांनी मध्यम जोखमीचा गट वेगळा काढून तपासलं, कॉक्स विश्लेषणही केलं, आणि फरक तिथेही टिकला. निष्कर्ष बरोबर आहे, पण त्याचा आधार त्या दोन आकड्यांत नाही, पुढच्या तक्त्यात आहे. तो तक्ता वाचा.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. मिथाइल चिकटवणारं एन्झाइम बिघडलं तर मिथिलेशन धाडकन उतरायला हवं ना? पेशींतलं एकूण प्रमाण फारसं बदललेलं नव्हतं, काही ठरावीक जागीच ते घटलेलं दिसलं. म्हणून ‘बदलामुळे मिथिलेशन जातं आणि त्यामुळे कॅन्सर होतो’ अशी सरळ साखळी या पेपरच्या नावावर खपवू नका.

राहिला मॅडमचा प्रश्न. २०१४ मध्ये निरोगी माणसांच्या रक्तावर झालेल्या अभ्यासांत दिसलं की वय वाढेल तसा हाच बदल कॅन्सर नसतानाही वाढत जातो. आणि भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत एएमएलचे रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बरेच तरुण असतात. त्यातलं काही लोकसंख्येमुळे असेल. काही (हा माझा अंदाज) देवगिरी एक्स्प्रेसने रात्र काढून परळच्या टाटाला कोण पोचतं आणि कोणते आजोबा गंगाखेडला घरीच राहतात, यामुळेही असेल. त्या आजोबांची नोंदच होत नाही.

मी आता सिनॉप्सिसमध्ये ‘सेंट लुईसच्या अभ्यासातील २८१ पैकी ६२’ असं लिहिलंय. मराठवाड्याचा आकडा असायला हवा तिथे रकाना कोराच ठेवलाय.